सड्याखालची ओल

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गावी असलो की मी कुदळ घेऊन तीन ठिकाणी खणतो. शेजाऱ्यांना हे वेड आता माहीत झालंय. "धन गावला काय?" असं विचारून ते आपल्या वाटेने जातात. पहिली जागा वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या उघड्या माथ्यावर, जिथे जांभ्याच्या कातळावर जेमतेम चार बोटं माती आहे. तिथे कुदळ मारली की खणकन आवाज येतो आणि माती पिठासारखी उडते. दुसरी जागा मधल्या उतारावर, काजूंमध्ये. हातभर खणलं की ढेकूळ निघतं, पण मुठीत दाबलं की त्याचा चुरा होतो. तिसरी जागा खाली मळ्यात, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला. तिथे वीतभर खाली गेलं की माती काळसर होते, मुठीत तिचा लाडू वळतो आणि मूठ उघडली तरी बोटांचे ठसे तसेच राहतात. तिन्ही जागांवर पाऊस सारखाच पडला होता, शेवटची सर तिन्हींवर एकाच संध्याकाळी येऊन गेली होती. वरून खाली उतरायला मला पंधरा मिनिटं लागतात.

या तीन ढेकळांतला फरक मुख्यतः डोंगराच्या आकाराने केलेला आहे. आज कोकणात तो आकार ज्या वेगाने बदलला जातोय, त्याचा हिशेब पाण्याच्या खात्यात कुणीच मांडत नाही. टँकरच्या फेऱ्या मोजल्या जातात, बोअर किती फूट गेली ते मोजलं जातं, बंधारे मोजले जातात. डोंगराला कुठे खळगा होता आणि आता तो नाही, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. ती असायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

कोकणाला कोरडा प्रदेश म्हटलं की घाटावरचे मित्र हसतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूरला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही. पण हा सगळा पाऊस जवळपास चार महिन्यांत उरकतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून मृगापर्यंतचे आठ महिने आकाशातून जवळजवळ काही येत नाही. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे पुराचं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. झाडाच्या मुळाला वर्षाची सरासरी कळत नाही. त्याला आजची ओल कळते, आणि त्या अर्थाने आमचा डोंगरउतार वर्षातले आठ महिने कोरडाच असतो.

थोडं गणित करू. मीटरभर खोल, बऱ्यापैकी माती असेल तर ती झाडाला वापरता येईल असं साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाणी धरते. वरून तीन हजार पडो की सहा हजार, मातीचं भांडं तेवढंच. बाकीचं वाहतं किंवा खाली झिरपतं. पाऊस थांबल्यावर ऊन आणि झाडोरा मिळून दिवसाला तीन-चार मिलिमीटर ओढून नेतात. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास भरलेलं भांडं देवदिवाळीच्या आगेमागे रिकामं व्हायला हवं. मधल्या उतारावर तसंच होतं. मग मळ्यातली माती जानेवारीच्या अखेरीस मुठीत वळते ती कशाच्या जोरावर? भात कापल्यावर तिथे ओलीवर टोकलेला पावटा, कुळीथ वाढतो तो कुणाच्या पाण्यावर? रायगडात भाताच्या मागून येणारा वाल, ज्याच्या शेंगा मडक्यात भाजून माघात पोपटी लावतात, तो?

ते पाणी वरच्या जमिनीचं असतं. पाणी मातीतून आडवंही चालतं, फार सावकाश, दिवसाला काही वीत किंवा काही हात. वरची दहा एकर जमीन पावसाळ्यानंतर फक्त ३० मिलिमीटर पाणी जरी हळूहळू खाली सोडत असेल आणि ते एका एकरात गोळा होत असेल, तर त्या एकराच्या वाट्याला ३०० मिलिमीटर येतात. देवदिवाळीला संपणारी ओल महाशिवरात्रीपर्यंत पोचते. मळेशेतीचं सगळं रहस्य एवढ्यात आहे.

पण ते एका एकरात गोळा का व्हावं? कारण डोंगराला कूस असते आणि सोंड असते. सोंडेवर पडलेलं पाणी दोन्ही बाजूंना फाकतं. कुशीत आलेलं पाणी तिन्ही बाजूंनी एकत्र येतं. बेव्हन आणि कर्कबी या दोन ब्रिटिश जलशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हे एका सुटसुटीत निर्देशांकात बसवलं. एखाद्या जागेवर वरची किती जमीन आपलं पाणी पाठवते, आणि त्या जागेचा स्वतःचा उतार किती, या दोहोंचं गुणोत्तर काढायचं. पाठवणारी जमीन जास्त आणि पायाखालचा उतार मंद, तर जागा ओली. पाठवणारी कमी आणि उतार खडा, तर कोरडी. जगभर आज हेच गणित संगणकावर उंचीचे नकाशे टाकून काढतात. आमच्याकडे ते आधीच काढून ठेवलेलं आहे, सहीशिक्क्याशिवाय. जुन्या गावात कुठे मळा, कुठे वरकस, कुठे पोफळीचं आगर, कुठे घरं हे पाहा. मळा कुशीच्या तळाशी, नाचणी-वरीची वरकस सोंडेवर, घरं मधल्या टप्प्यावर, जिथे पाय ओले होत नाहीत पण बाव, म्हणजे विहीर, जवळ असते.

आकार सगळंच ठरवतो असं मात्र नाही, आणि हे सांगितलं नाही तर माझंच म्हणणं लंगडं पडेल. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या टारावारा नावाच्या जागी, दहा-अकरा हेक्टरच्या एका कुरणात, १९९० च्या दशकात मातीची ओल शेकडो ठिकाणी मोजली गेली. ओल्या ऋतूत तिचं चित्र डोंगराच्या आकाराबरहुकूम उमटलं, खळगे ओले आणि सोंडा कोरड्या. कोरड्या ऋतूत ते चित्र विस्कटलं. तेव्हा जागोजागची माती आणि गवतच काय ते ठरवू लागलं, कारण एकदा माती पुरेशी सुकली की पाण्याची आडवी चाल थांबते. म्हणजे डोंगर ओल वाटून देतो ती पाऊस असेपर्यंत आणि त्यानंतर काही काळ. एप्रिलमध्ये जागं होऊन पाणी अडवायला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आकाराचं दुसरं काम उन्हाशी आहे. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून पन्नासेक अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. वीस अंशांचा उतार उत्तरेला तोंड करून असेल तर दुपारी त्याला दक्षिणेच्या तशाच उतारापेक्षा जवळपास निम्मंच ऊन लागतं. आमच्या डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगाला रान हिरवं टिकतं ते यामुळे. मेच्या पूर्वार्धात सूर्य थेट डोक्यावरून जातो तेव्हा मात्र दोन्ही अंगं सारखीच भाजतात. त्या वेळी उत्तरेचा उतार टिकतो तो हिवाळ्यात वाचवलेल्या शिलकीवर.

आता खास कोकणची गोष्ट. आमच्या डोंगराच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, सच्छिद्र, भेगाळलेली. तिच्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती आणि त्याखाली काळा कातळ. सड्यावरच्या खळग्यांत पावसाळ्यात पाणी साचतं, भेगांतून उतरतं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि आडवं निघतं. डोंगराच्या कडेला ज्या उंचीवर ते बाहेर येतं, तिथे पाझर. एप्रिलमध्ये समोरच्या डोंगरावरून पाहिलं तर करड्या उतारावर एकाच उंचीवर हिरवी रेघ दिसते. उंबर, जांभूळ, खाली केवडा. पाणाड्या येतो तेव्हा तळहातावर नारळ आडवा धरून चालतो आणि नारळ उभा राहिला की "हय खणा" म्हणतो. मी त्याच्या मागे दोनदा हिंडलोय. नारळ नेहमी उंबराच्या आसपास, कुशीच्या तोंडाशीच उभा राहतो. नारळाला पाणी कळतं की नाही ते देव जाणे, त्या माणसाला डोंगर पक्का कळतो.

खऱ्या वाळवंटात लोकांनी हेच जाणून पिकं काढली. इस्रायलमधल्या नेगेव्हमध्ये वर्षाला शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे प्राचीन काळी दोन डोंगरांमधल्या सखल पट्टीत शेत करायचे आणि वरचा वीस-पंचवीस पट उघडा उतार नुसता पाणी पाठवण्यासाठी सोडायचे. मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आवदात इथे असं एक शेत पुन्हा उभं करून पिकवून दाखवलं. जैसलमेरकडे पालीवाल ब्राह्मणांची खडीन याच जातीची, खडकाळ चढावाचं पाणी पायथ्याशी लांबलचक बांध घालून थोपवायचं आणि जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. तिथल्या माणसाला विचारलं की वरचा उघडा खडक पडीक आहे का, तर तो वेड्यात काढेल. तो खडक हीच त्याची विहीर असते. आमच्या सातबाऱ्यावर मात्र सड्याला पोटखराबा म्हणतात. एकदा खराबा म्हटलं की मग तिथे काहीही चालतं.

चिरेखाण घ्या. जांभा कापून चिरे काढणं हा कोकणातला जुना धंदा आहे. माझं घरही चिऱ्याचंच आहे, त्यामुळे सोवळं नेसून बोलायचा अधिकार मला नाही. खाणवाले म्हणतात, खाणीत पावसाचं पाणी साठतं, उलट फायदाच. साठतं खरं, मार्चपर्यंत हिरवट डबकंही दिसतं. पण ते साठतं कारण खाण चिकणमातीपर्यंत उतरलेली असते. म्हणजे जी जांभ्याची जाडी आठ महिने थेंब थेंब सोडत होती तीच कापून ट्रकने गेली. टाकीच्या भिंती विकायच्या आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी दिसतं म्हणून समाधान मानायचं, असा हा प्रकार.

खाणी तरी मोजक्या जागी असतात. उताराचं सपाटीकरण आता वाडीवाडीत पोचलंय. १९९०-९१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातले उघडे डोंगर आंबा-काजूने झाकले गेले. ते चांगलंच झालं. तेव्हा खड्डे हाताने खणले जायचे, कातळात सुरुंग लावून माती भरली जायची, पण डोंगराचा कल जिथल्या तिथे राहायचा. आता जेसीबी तासावर मिळतो. कूस दिसली की तिचे दोन-तीन सपाट टप्पे पाडायचे, मागे दहा-बारा फुटांची उभी भिंत, खाली गाडी येण्यापुरता रस्ता. दिसायला नीटनेटकं, व्हिडिओ काढण्यासारखं.

आमच्या बावीच्या वरच्या अंगाला एका बागायतदाराने चार वर्षांपूर्वी असंच केलं. त्या वर्षी ऑक्टोबरात मी वर गेलो तर कापलेल्या भिंतीच्या पायथ्यातून सगळीकडून पाणी पाझरत होतं, कुणी नळ नीट बंद न केल्यासारखं. मातीतून सावकाश खाली येणारं पाणी त्या कापाने वाटेतच उघड्यावर आणलं होतं. रस्त्याच्या कडेच्या गटारातून ते व्हाळात आणि व्हाळातून खाडीत गेलं. दोन-अडीच आठवडे हे चाललं, मग भिंत सुकली. आमच्या बावीची तळाकडची पायरी फाल्गुनात उघडी पडायची, ती पौषात दिसली. एका वर्षावरून मी काही म्हटलं नसतं, पावसाचा काय भरवसा. पण नंतरच्या तिन्ही वर्षांत ती पौषातच दिसली आहे.

बागायतदार वाईट माणूस नाही. त्याने त्याच्या जमिनीत काम केलं, माझ्या बावीला हात लावला नाही. कायदाही त्याच्याच बाजूने आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा, वाहत्या ओढ्यातल्या पाण्यावर खालच्याचा हक्क मानतो. पण ठरलेल्या प्रवाहाविना जमिनीखालून झिरपणारं पाणी ज्याच्या जमिनीखाली असेल त्याने हवं तसं घ्यावं, घालवावं. कायद्याला व्हाळ दिसतो, ओल दिसत नाही. तहसीलमध्ये माती काढायच्या परवान्याची चर्चा ब्रासमध्ये होते, रॉयल्टी किती ब्रासची भरायची यावर. ती माती कुठली, कुशीची की सोंडेची, हा प्रश्न मी तरी आजवर ऐकलेला नाही. वास्तविक पाण्याच्या दृष्टीने सोंडेवरचे शंभर ब्रास काढण्यापेक्षा कुशीच्या तोंडाशी काढलेले दहा ब्रास अधिक महाग पडू शकतात.

योजना याच डोळ्यांनी आखल्या जातात. २०१९ मध्ये जलजीवन मिशन जाहीर झालं, प्रत्येक घराला माणशी रोज ५५ लिटर. नळ आले, निळे पाइप डोंगरभर पसरले. पण नळाच्या मागे बाव असते, बावीच्या मागे पाझर आणि पाझराच्या मागे सडा. त्या शेवटच्या दोहोंसाठी अंदाजपत्रकात ओळ शोधायला गेलं की पंचाईत होते. उन्हाळ्यात टँकर आधी लागतो तो उंचावरच्या धनगरवाड्यांना, कारण त्यांच्या वर पाणी पाठवणारी जमीनच थोडी. गंमत म्हणजे चिपळूणजवळ पोफळीला कोयनेची वीज करून उरलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत वाशिष्ठी नदीत सुटतं आणि समुद्राला मिळतं. ते खाली आणि माणसं वर, म्हणून शेजारी असून उपयोग नाही. पाण्याच्या बाबतीत उंचीएवढं अंतर दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मग उताराला सरसकट चर मारा, असं घाटावरून शिकून आलेले कार्यकर्ते सांगतात. इथे मी हात जोडतो. डोंगराची कूस पाणी गोळा करते तशी मातीही गोळा करते. शतकानुशतकं वरून घरंगळलेल्या मातीचा जाड थर तिथे असतो, चिकणमातीवर टेकलेला. अतिवृष्टीत तो पाण्याने तट्ट फुगला की कूसच आधी सरकते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. या दोन्हींचं कारण मी चरांवर ढकलत नाही. पण वाडीच्या डोक्यावरच्या कुशीत पाणी मुरवण्याआधी दहा वेळा विचार करावा, एवढं तरी त्यातून घ्यायला हवं. चर सोंडेवर आणि सड्याच्या कडेला शोभतात, कुशीत नाहीत. एकरांचं उद्दिष्ट घेऊन फिरणाऱ्या योजनेला हा फरक करायला सवड नसते, कारण तिच्या तक्त्यात दोन्ही "उपचारित क्षेत्र"च असतं.

याला खरा विरोध शेतकऱ्याकडून येतो आणि तो मला उत्तर द्यावंसं वाटण्याइतका सबळ आहे. तो म्हणतो, मुंबईला गेलेली पोरं परत येत नाहीत, हाताने खणायला गडी मिळत नाही, यंत्र आत जायचं तर जमीन सपाट हवी. आणि तुमचे पणजोबा तरी काय करत होते? मळे, मेरा, गडगे हे सगळं डोंगर बदलूनच झालं ना?

झालं, अगदी बरोबर. पण पणजोबांचे टप्पे डोंगराच्या समपातळीच्या रेषेने वळत जायचे, उंची कंबरेएवढी, गडगा नुसत्या रचलेल्या दगडांचा, म्हणजे पाणी त्यातून गाळून खाली जायचं. वरच्या मळ्यातलं पाणी खालच्या मळ्यात सोडायची जागा ठरलेली आणि तिच्यावरून भांडणंही ठरलेली. त्या भांडणांमुळेच प्रत्येकाला माहीत होतं की आपलं पाणी कुणाच्या जमिनीतून येतं. यंत्रानेही असे बुटके, वळणारे टप्पे पाडता येतात. वेळ थोडा जास्त लागतो आणि ताशी भाडं वाढतं, बस. ज्या अनुदानातून सपाटीकरण होतं त्यातूनच हा फरक देता येईल.

मी मागतोय ते फार नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये गाव पायी फिरून कुठे कूस, कुठे पाझराची रेघ, कुठल्या बावीच्या वर कुठली जमीन, एवढं नकाशावर मांडावं. शाळेतली मुलं घेतली तर दोन दिवसांचं काम. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाने येऊन ते तपासून द्यावं. पाझराच्या रेघेच्या वर काही अंतरापर्यंत उभा काप घेऊ नये, आणि घ्यायचाच तर खालच्या बावीवाल्यांना आधी कळवावं. वनराई बंधारे घालायचे ते डिसेंबरात जरूर घालावेत, गोणपाटं आणि फोटो दोन्हीसकट, पण ते व्हाळाला आलेलं पाणी थोपवतात. व्हाळाला पाणी येतं की नाही हे वर ठरलेलं असतं.

गेल्या ग्रामसभेत मी हे मांडलं. एकाने विचारलं, "तुमचं पाणी माझ्या जमिनीतून जातं ह्याला कागद काय?" सातबाऱ्यात विहिरीची नोंद होते, बोअरची होते, पाझराची होत नाही. माझ्याकडे कागद नव्हता. विषय पुढच्या सभेवर गेला.

एप्रिलमध्ये त्याच बागायतदाराचा फोन आला. टप्प्यांवरचे काजू सुकायला लागले होते, दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या, खालून टँकर चढवणं परवडत नव्हतं. पाणाड्याला बोलवू का, म्हणाला. मी संध्याकाळी वर गेलो. आम्ही दोघं त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या मागच्या भिंतीशी उभे राहिलो. भिंतीच्या माथ्यावर एक उंबर होता, अर्धी मुळं हवेत लोंबत असलेला, आणि त्या मुळांच्या खाली, जिथे जांभा संपून गुलाबी माती सुरू होते, तिथे बरोबर आडवी एक काळपट रेघ होती. त्याने तिच्यावर बोट फिरवलं. बोट कोरडंच निघालं.

"पावसानंतर हय पाणी येत होता," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि ती भिंत पुन्हा तिरपी करायला किती ट्रक माती लागेल याचा आम्ही अंधार पडेपर्यंत अंदाज घेत बसलो.